मदत हवी आहे: मुलाची फिट, मुलाची भूक आणि न्यूरोपेप्टाइड वाय

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. मुलगा १९ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी टेम्पोरल लोबची (म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाची) मिरगी निघाली. (अपस्मार म्हटलं की इकडे समोरचा "म्हणजे?" विचारतो, म्हणून मिरगीच म्हणते.) खाली पडून हातपाय झाडणं क्वचित. बहुतेक वेळा बोलता बोलता गप्प होतो, नजर एका जागी लागते, हात शर्टाच्या बटणाशी चाळा करतो आणि तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलत राहतं. आधी मला वाटायचं, सुपारी लपवून खातोय. ओरडलेसुद्धा त्याला. ते अजून डाचतं.

व्हॅलप्रोएट हे मिरगीचं औषध सुरू झाल्यापासून फिट खूप कमी झाल्या. पण भूक! रविवारी पोह्यांच्या तीन प्लेटा, वर मूठभर शेव, जिरावण, जिलेबी, आणि अकरा वाजता पुन्हा डबे उघडून बघणं. दहा महिन्यांत ११ किलो वाढला.

आता घोळ असा. बडोद्याच्या नणंदेनं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: न्यूरोपेप्टाइड वाय हे भुकेचं रसायन, ते कमी करा. दुसऱ्याच दिवशी दिरांनी लेख पाठवला: हेच रसायन फिटपासून मेंदूला वाचवतं, उपाशी राहिलं की ते वाढतं, म्हणून त्याला आठवड्यातून दोन कडक उपास करायला लावा. त्यात एक लॅबवाला म्हणतोय, रक्तातलं एनपीवाय (न्यूरोपेप्टाइड वायचं छोटं नाव) मोजून देतो, मग डाएट बसवू. ते दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का? वाढवू की कमी करू? टेस्ट करावी का? डॉक्टरांच्या ओपीडीत आमच्या वाट्याला चार मिनिटं येतात, त्यातली तीन डोस बोलण्यात जातात.

— रामबागची आई

उंदीरवाला:
ताई, नावाला हसू नका, सहा वर्षं उंदरांच्या मेंदूवरच काम केलंय. डॉक्टर नाही मी, हे आधीच सांगतो.

रेणू एकच आहे. ३६ अमिनो आम्लांची छोटी माळ. काझुहिको तातेमोतो यांनी १९८२ साली स्वीडनमध्ये डुकराच्या मेंदूतून ती वेगळी केली. माळेच्या दोन्ही टोकांना टायरोसिन, आणि टायरोसिनची एकाक्षरी खूण वाय, म्हणून हे नाव. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, त्याच्या आर्क्युएट न्यूक्लियस या कोपऱ्यातल्या पेशी ते सोडतात तेव्हा भूक पेटते. चरबीतून येणारं लेप्टिन या पेशींना दाबतं, रिकाम्या पोटातून येणारं घ्रेलिन चेतवतं. तुमच्या नणंदबाई इथवर बरोबर.

हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे टेम्पोरल लोबच्या आतल्या आठवणींच्या भागात, त्याचं काम वेगळं. तिथल्या चेतातंतूंच्या टोकांवर वाय२ नावाचा रिसेप्टर, म्हणजे रसायन चिकटायची जागा, असतो. एनपीवाय त्याला चिकटलं की टोकातून ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन कमी सुटतं, आणि फिट पसरते ती ग्लुटामेटच्या जोरावर. मजा म्हणजे वारंवार फिट आल्यावर मेंदू तिथे स्वतःच एनपीवाय वाढवतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसांच्या टेम्पोरल लोबमध्येही ते वाढलेलं सापडलंय. ब्रेक झिजला म्हणून पायानं जास्त जोरात दाबावा तसं.

आणि १९९६ चा प्रयोग तर माझा लाडका. एनपीवायचं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. वाटलं होतं, खाणं सोडून वाळून जातील. पठ्ठे जेवले नेहमीसारखे, वजनही नेहमीसारखं. पण त्यांना अधूनमधून फिट यायला लागल्या! भुकेला मेंदूत दुसरे रस्ते बरेच आहेत. फिट आवरण्याच्या बाबतीत मात्र उणीव लगेच दिसली.

सराफा_रात्री_दहा:
म्हणजे आपल्या सराफ्यासारखं. दिवसा सोनं, रात्री त्याच ओट्यावर भुट्ट्याचा कीस.

उंदीरवाला:
उलटं. सराफ्यात ओटा एक, धंदे दोन. इथे कारागीर एक, दुकानं दोन. म्हणूनच दिरांचा उपास चालत नाही. उपाशीपोटी एनपीवाय वाढतं ते भुकेच्या दुकानात. त्यानं हिप्पोकॅम्पसमधला ब्रेक लागतो असं धरून मुलाला उपाशी ठेवू नका.

टेस्टचं म्हणाल तर पैसे वाचवा. रक्तातलं एनपीवाय मुख्यतः रक्तवाहिन्यांभोवतीच्या सिंपथेटिक नसांमधून (ताणात, धावपळीत शरीराला सज्ज करणाऱ्या) येतं, नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनाच्या जोडीनं. मुलगा धावत येऊन खुर्चीत बसला तरी आकडा वर जाऊ शकतो. हिप्पोकॅम्पसमध्ये काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. उद्या कुणी एनपीवायची पावडर विकायला आला तर तीही घेऊ नका, प्रथिनाचाच तुकडा तो, वरणासारखा पोटात पचून जाईल. विषाणूच्या मदतीनं एनपीवायचं जनुक हिप्पोकॅम्पसमध्ये सोडल्यावर उंदरांच्या फिट कमी झाल्या आहेत, पण त्यावरून आज तुमच्या मुलासाठी काही करता येणार नाही.

गोळ्यांचं_दुकान:
काउंटरवर रोज हेच ऐकतो म्हणून लिहितो. व्हॅलप्रोएटनं भूक आणि वजन वाढणं हे जुनं, माहितीतलं प्रकरण आहे, मुलाच्या जिभेचा दोष नाही. म्हणून गोळी परस्पर अर्धी करू नका. अचानक थांबवली तर एकामागून एक फिट येऊ शकतात. उपासाच्या दिवशी "आज निर्जळी" म्हणून डोस चुकवणारेही पाहिलेत. मिरगीसाठी देतात तो कीटोजेनिक आहार (चरबी भरपूर, पिठूळ-गोड अगदी कमी) उपासापेक्षा वेगळा, तो मोजूनमापून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करतात. डॉक्टरांना सरळ सांगा: ११ किलो वाढलंय, दुसरं औषध बसेल का? काही औषधांनी वजन वाढत नाही, टोपिरामेट या मिरगीच्याच औषधानं तर अनेकांची भूक कमी होते. पण त्याला कुठलं चालेल ते तेच ठरवतील. आणि पुढची फिट आली की मोबाइलवर व्हिडिओ घ्या. चार मिनिटांच्या ओपीडीत तो तुमच्या वर्णनापेक्षा जास्त बोलेल.

रामबागची आई:
सगळ्यांचे आभार. टेस्ट रद्द केली, लॅबवाला जरा रागावला. वजनाचे महिनावार आकडे एका कागदावर लिहून ठेवलेत, मंगळवारी तोच कागद आधी डॉक्टरांपुढे ठेवणार. "चघळल्यासारखं तोंड" हेही लिहिलंय, इतके दिवस सांगायचंच राहिलं होतं.

उंदीरवाले भाऊ, तुमचा पहिला प्रतिसाद घरच्या ग्रुपवर टाकला तर चालेल का? नणंद आणि दीर दोघंही अर्धे अर्धे बरोबर निघाले, त्यामुळे भांडण मिटेल की वाढेल ते मात्र सांगता येत नाही.