आईबाबांना घेऊन गरम पाण्याच्या कुंडाला जायचंय, चढउतार नको, बेळगावहून सोपं कुठलं?

अनगोळचा_पोरगा
नमस्कार मंडळी. डिसेंबरात दोन दिवस सुट्टी आहे, आईबाबांना घेऊन गरम पाण्याच्या झऱ्याला जायचा प्लॅन करूलालोय. आईचं वय ६४, दोन्ही गुडघे गेलेत, पायऱ्या म्हटलं की डोळे वटारते. बाबांना बीपी आहे पण गोळी चालू आहे. तिचं डोक्यात बसलंय की मनालीजवळ वशिष्ठला नाहीतर मणिकरणला जायचं, शेजारच्या काकू जाऊन आल्यात म्हणून. मला वाटतंय आपला घाट उतरला की कोकणात असेलच की कायतरी. गाडी वॅगनआर, चालवणार मीच. कोण जाऊन आलंय काय?

कॅम्पातला
कणकुंबीला जा की भावा, तासाभराचा रस्ता. तिकडं गरम पाणी येतं म्हणतात.

खानापूरची_सून
कोण म्हणतात ओ? कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, माझं सासर तिकडंच आहे आणि पाणी असलं गार की पाय घातला तर आई ग म्हणाल. गुडघेवाल्या बाईला डिसेंबरात तिकडं पाठवूलालाय होय. कर्नाटकात पुत्तूरजवळ बेंद्रूतीर्थ आहे खरं, पण ते पार मंगळूरच्या अंगाला आणि पाणी आपलं कोमट, त्यासाठी एवढं कोण जातंय.

निपाणी_नाका
राजापूरचं उन्हाळे. डोळे झाकून.

अनगोळचा_पोरगा
उन्हाळ्यात नाही ओ, डिसेंबरात जायचंय.

निपाणी_नाका
अरे देवा 😂 गावाचं नाव उन्हाळे आहे. कोकणात गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात की, त्यावरनं उन्हाळे, दापोलीकडं उन्हवरे, सगळी तीच जात. राजापूर गावापासनं तीनेक किलोमीटर, अर्जुना नदीच्या काठाला, गाडी जवळ जाते. पाणी चाळीस-बेचाळीसच्या आसपास, म्हणजे आपण घरी अंघोळीला काढतो तेवढंच, त्यामुळं वयस्कर माणसाला बरं पडतं. हे बारमाही आहे बरं का. त्याच टेकडीवर वर राजापूरची गंगा आहे, ती वेगळी, ती आपल्या मर्जीनं येते, साधारण तीन वर्षांनी म्हणतात पण अलीकडं तिचंही टाइमटेबल बिघडलंय. आली असेल तर चौदा कुंडं भरतात आणि माणसांची जत्रा. आईंना वर चढवू नका, खालचंच बघा.

घाटवाला_८३
उन्हाळेला माझंही मत, पण रस्ता नीट बघून ठरवा, कारण गुडघ्याला त्रास पाण्यानं नाही, गाडीत बसून होतो. बेळगावहून हिंडलगा, शिनोळी, आंबोली, सावंतवाडी आणि मग हायवेनं कुडाळ, कणकवली, खारेपाटण करत राजापूर. २०० किलोमीटरच्या आसपास पडतं. आंबोलीत चहाला थांबा, सावंतवाडीत जेवण, आईंना दोन ठिकाणी उतरून चालवा. दुसरा रस्ता निपाणीवरनं राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट उतरून नांदगावला हायवेला लागायचं, तो जंगलातनं छान आहे पण निपाणीपर्यंतचा वळसा तुम्हाला कशाला. गगनबावड्याचा करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी बंद होता, तेव्हा मी अर्ध्यातनं परत फिरलोय, म्हणून सांगतो, कुठलाही घाट असो, आदल्या दिवशी फोन करून चौकशी करायची.

सीमेवरचा_इंजिनिअर
तुरळ कुणीच कसं सांगितलं नाही? मुंबई-गोवा हायवेला संगमेश्वरजवळ, रस्त्याला लागूनच. तिथनं आत राजवाडी आणि पुढं आरवली. एका दिवसात तीन कुंडं होतात. राजापूरहून लांजा, हातखंबा करत जायचं आणि परत येताना आंबा घाट चढून मलकापूर, कोल्हापूर.

खानापूरची_सून
तुरळचं पाणी ६० डिग्रीच्या घरात असतंय, त्यात कोण उतरणार? आम्ही गेलो तेव्हा नणंदेच्या पोरानं तांब्या घेतला आणि नाचायलाच लागला. बघायला ठीक, फोटो काढायला ठीक. आरवलीचं सोसण्यासारखं आहे.

सीमेवरचा_इंजिनिअर
बादलीत गार पाणी मिसळायचं ताई. बरं, पालघरपासनं राजापूरपर्यंत तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात हे झरे एका रांगेत आहेत, मला त्याचं फार वेड आहे. लोक ज्वालामुखी म्हणतात, तसं काही नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो कधीच गार झाला. पावसाचं पाणी भेगांतनं खूप खोल जातं, खाली जमीनच गरम, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं.

टिळकवाडी_क्लिनिक
फिजिओ आहे, म्हणून चार शब्द. गरम पाण्यानं सांधे मोकळे वाटतात, दुखणं तात्पुरतं कमी होतं, गुडघा बरा होत नाही, हे आईंना आधीच सांगा नाहीतर परत येऊन तुमच्यावरच रागावतील. दहा मिनिटांच्या वर बसू नका. बाबांनी बाहेर येताना एकदम उठायचं नाही, गरम पाण्यानं प्रेशर उतरतं आणि चक्कर येते. शुगर असेल तर आधी हातानं पाणी बघायचं, पायाला चटका कळत नाही. दगडावर शेवाळ असतं, रबरी सोलची चप्पल न्या. आणि चांदी काढून ठेवा, पाण्यात गंधक असतं.

अनगोळचा_पोरगा
ठरलं, आंबोलीमार्गे उन्हाळे, मुक्काम राजापूरला. मणिकरणचं आईला सांगितलं की तिथल्या पाण्यात भात शिजवतात, तेव्हा गप्प झाली.

अनगोळचा_पोरगा
जाऊन आलो मंडळी. सकाळी साडेसहाला पोचलो, आमच्याशिवाय दोनच माणसं. पाणी मस्त, वास थोडा अंड्यासारखा, बाबा नाक धरूनच बसले. आई पहिल्यांदा नुसते पाय सोडून बसली, मग म्हणाली एवढ्या लांब आणलंयस तर, आणि उतरली. दहा मिनिटं सांगितलेली, वीस झाली, माझं कोण ऐकतंय. आंबोलीच्या वळणांवर मात्र दोनदा गाडी थांबवली, येताना परत तेच. घाटवाल्यांचं खरं होतं. आणि एक घोळ झालाय. पैंजण काढले पण जोडवी बोटातच राहिली, कोळशासारखी काळी पडलीत. लग्नातली आहेत. सराफाकडं नेऊ काय?

खानापूरची_सून
पैसे कशाला घालवताय. दंतमंजन लावून जुन्या ब्रशनं घासा, चमकतील. आणि ते काम तुम्हीच करा, आईंना सांगू नका.