वेगळं राहून आठ महिने झाले, झोपच येईना

मी परभणी जिल्ह्यातली, वय 31. आठ महिन्यांपासून माहेरी राहायलेय, लेकरू सहा वर्षांचं. कोर्टात अजून काही नाही, म्हणजे मोडलंय बी नाही अन् जोडलंय बी नाही. रात्री दोन-तीनला जाग येते, छातीत धडधड होती, घास उतरंना, आठ किलो वजन गेलं. आई म्हणती पित्त आहे. तिथं मारहाण व्हायची, निघून आल्याचा पस्तावा नाही, मग त्याच्या आठवणीनं रडू का येतंय तेच कळंना. लग्नसराईत बाहेर पडणं सोडलं, जो तो विचारतो जावई नाही आले का. लेकरू परत अंथरूण ओलं करायलंय. कुणाला असं झालंय का?

लातूरकर:
ताई, मला झालंय, पुरुष असून सांगतो. माणूस गेलं तर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, शेजारून भाकरी येतात. संसार मोडला की कुणी येत नाही, आपणच तोंड लपवत फिरायचं. होम्स अन् राहे या दोन अमेरिकन मानसोपचार डॉक्टरांनी 1967 ला ताणाची यादी केली होती, जास्त गुण म्हणजे जास्त ताण, त्यात जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण, घटस्फोटाला 73, नुसतं वेगळं राहण्याला 65 अन् जेलला 63. हे वाचलं तेव्हा कळलं मी नाटक करत नव्हतो. मी सहा महिने दारूत घातले, झोप अजूनच गेली.

सिस्टर, नांदेड:
बाई, आठ किलो म्हणजे पित्त म्हणून सोडायचं नाही. थायरॉईड अन् रक्त तपासून घे, अन् जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडीला दाखव. रात्री लईच घाबरं झालं, जीव नकोसा वाटला तर 14416 लाव, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. अन् मार खाल्लेल्या बाईला बी चांगले दिवस आठवतातच, म्हणून परत जायचं असं नसतं. लेकराला अंथरुणावरून रागवू नको, बाबा वेगळे राहतात त्यात तुझी चूक नाही हे त्याला परत परत सांग. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्नाची अट नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
आईला वाचून दाखवलं. गप बसली, मग म्हणली सोमवारी मी येते सोबत. केसपेपर काढताना काय सांगायचं पण?

सिस्टर, नांदेड:
झोप येईना म्हण, बास. बाकीचं आत डॉक्टरला.