व्हुकोविचच्या नावावर फॉर्म्युला वनचे २ विजय कसे?

ओव्हलवेडा:
मंडळी, फॉर्म्युला वनच्या जुन्या तक्त्यांत अमेरिकन ड्रायव्हर बिल व्हुकोविच दिसतो: ५ शर्यती, २ विजय, १९ गुण. युरोपातल्या एकाही शर्यतीत मात्र हा माणूस सापडत नाही. मग हे विजय आले कुठून? आणि १९५२ला हातातली शर्यत गेली, ती गाडीमुळे की त्याच्या दामटण्यामुळे?

गुणतक्ता:
१९५० ते १९६० अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जागतिक अजिंक्यपदात धरत. नियम वेगळे, गाड्या वेगळ्या, गुण मात्र तेच. १९५२ला उलट युरोपातला ड्रायव्हर अस्कारी फेरारी घेऊन तिथे गेला होता. ४० फेऱ्यांनंतर चाकानेच दगा दिला.

व्हुकोविचचे १९ गुण असे: विजयाचे ८, दोनदा (१९५३, १९५४), म्हणजे १६. वेगवान फेरीचा १ गुण १९५२, १९५३ आणि १९५५ला. झाले १९.

पण गुणांपेक्षा फेऱ्या बघा. २०० फेऱ्यांची शर्यत, त्यात त्याच्या पुऱ्या झालेल्या फेऱ्या आणि कंसात आघाडीच्या:
१९५१: २९ (०)
१९५२: १९१ (१५०)
१९५३: २०० (१९५)
१९५४: २०० (९०)
१९५५: ५६ (५०)
एकूण ६७६ पैकी ४८५, म्हणजे जवळजवळ ७२ टक्के. माझ्या मते त्याला मोजायचं तर याच आकड्यावर.

ऑफीवाला:
१९५२चं उत्तर: गाडी. १९२व्या फेरीत स्टिअरिंगच्या जोडणीतली पिन तुटली. चाकं ऐकेनात, तेव्हा त्याने गाडी भिंतीला घासत घासत थांबवली. ट्रॉय रटमन जिंकला, वय अवघं २२.

गंमत अशी की त्या दिवशी वेगवान गाडी हरली आणि जुन्या धाटणीची जिंकली. रटमनची गाडी उभट, कच्च्या ट्रॅकवरची. त्या जातीत ड्रायव्हर शाफ्टच्या (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) वर बसतो, म्हणजे वजन उंचावर. व्हुकोविचची कर्टिस ५००ए वेगळी: ४ सिलिंडरचं ४.४ लिटर ऑफेनहाउझर इंजिन उजवीकडे ३६ अंश कललेलं, शाफ्ट डाव्या बाजूने, आणि ड्रायव्हर त्याच्या शेजारी खाली. बॉनेट बुटकं, वजन खाली. चारही वळणं डावीकडेच, त्यामुळे भार आतल्या बाजूला सरकवला की बाहेरच्या टायरांवरचा ताण हलका होतो. कार्ब्युरेटरऐवजी हिलबॉर्नचं फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंधन दाबाने फवारणारी यंत्रणा. गाडीचा मालक हॉवर्ड केक, मेकॅनिक जिम ट्रॅव्हर्स आणि फ्रँक कून. पुढच्या दोन्ही वर्षी तो हीच गाडी घेऊन जिंकला.

ओव्हलवेडा:
मग १९५४ला इतकी चांगली गाडी सुरुवातीला १९व्या जागेवर का?

ऑफीवाला:
तिथे तेव्हा सुरुवातीची रांग फक्त वेगावर लागत नसे. आधी पात्रतेचा दिवस, मग त्या दिवसातला वेग. पहिला दिवस हुकला की कितीही पळवा, आधीच्यांच्या मागेच. एका रांगेत ३ गाड्या, म्हणजे १९वा क्रमांक सातव्या रांगेत. तरी तासाला १३०.८४० मैलांच्या सरासरीने जिंकला. १९५३ला पहिल्या जागेवरून सुटूनही १२८.७४० होती. तेव्हा ऊन इतकं कडक की अनेकांनी मध्येच गाडी दुसऱ्याच्या हाती दिली; कार्ल स्कारबरो तर उष्माघाताने गेला. व्हुकोविचने २०० फेऱ्या एकट्याने काढल्या.

गुणतक्ता:
१९५५बद्दल एक भर: त्या शर्यतीत व्हुकोविचचा मृत्यू झाला, आणि ‘जास्त वेगामुळे गेला’ असं सर्रास लिहितात. गाडी तेव्हा लिंडसे हॉपकिन्सची होती. ५७व्या फेरीत दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना रॉजर वॉर्डची गाडी भिंतीवर आदळली. तिला चुकवायला अल केलर आत वळला, परत येताना जॉनी बॉइडला धडकला, आणि बॉइडची गाडी आघाडीवरच्या व्हुकोविचच्या वाटेत फेकली गेली. त्याला वळायला जागाच नव्हती. गाडी बाहेरच्या भिंतीवरून पलीकडे गेली. शर्यत बॉब स्वाइकर्टने जिंकली.