मदत हवी आहे: बिल्डबरोबर न्यूगेट पॅकेज आपोआप तयार होतं, पण अ‍ॅपमध्ये जुनाच कोड चालतो

नमस्कार मंडळी,

आमची एक सी शार्प क्लास लायब्ररी (इतर प्रोग्राममध्ये वापरायचा सामाईक कोड) अनेक अ‍ॅप्समध्ये वापरली जाते. कोड बदलला की ‘डॉटनेट पॅक’ कमांड हाताने चालवायची आणि तयार झालेली न्यूगेट पॅकेज फाइल (डॉटनेट कोड इतरांना वापरायला देण्याचं पाकीट) सगळ्यांच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची, अशी आतापर्यंतची पद्धत. हे बिल्डबरोबरच व्हावं म्हणून प्रोजेक्ट फाइलमध्ये ‘जनरेट पॅकेज ऑन बिल्ड’ ट्रू केलं आणि ‘पॅकेज आउटपुट पाथ’मध्ये त्या फोल्डरचा पाथ दिला. पॅकेज व्यवस्थित तयार होतं.

पण माझ्या मशीनवर अ‍ॅप रिस्टोर केलं (म्हणजे त्याला लागणारी पॅकेजेस आणून जोडली) की जुनाच कोड चालतो. पॅकेज ही मुळात झिप फाइलच, म्हणून उघडून बघितली; आतली डीएलएल (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) नवी आहे. व्हर्जन मी कुठेच लिहिलेलं नाही, १.०.० दिसतं.

सहकाऱ्याच्या मशीनवर तर वेगळंच. तिथे हे पॅकेज पूर्वी कधी वापरलेलं नव्हतं, आणि रिस्टोर एनयू११०१ एरर देऊन थांबतं: आमच्याच एका लहान प्रोजेक्टचं पॅकेज सापडत नाही म्हणे. लायब्ररीत त्याचा प्रोजेक्ट रेफरन्स (त्या प्रोजेक्टचा कोड वापरण्यासाठीचा थेट दुवा) अलीकडेच जोडलाय. एकच फाइल दोन मशीनवर अशी वेगळी का वागते? आणि त्या लहान प्रोजेक्टची डीएलएल पॅकेजमध्ये का येत नाही?

उत्तर

दोन्हींचा संबंध आहे. रिस्टोर आधी ग्लोबल पॅकेजेस फोल्डर, म्हणजे आधी आणलेल्या पॅकेजेसची त्या मशीनवरची कॅशे, बघतं. त्या नावाचं, त्याच व्हर्जनचं पॅकेज तिथे असेल तर तुमच्या शेअर्ड फोल्डरकडे ते वळतच नाही. व्हर्जन न लिहिल्यास १.०.० धरलं जातं, त्यामुळे तुमच्या मशीनवर पहिल्यांदा आलेलं पॅकेजच अजून चालतंय. सहकाऱ्याकडे ते नव्हतं, म्हणून नवीन पॅकेज उघडलं आणि खरी अडचण दिसली. कॅशे रिकामी करून तात्पुरतं भागेल, पण ती सवय लावून घेऊ नका. दर पॅकेजला नवीन व्हर्जन द्या.

‘व्हर्जन प्रीफिक्स’ (व्हर्जनचा मुख्य आकडा) प्रोजेक्ट फाइलमध्ये ठेवा आणि ‘व्हर्जन सफिक्स’ (त्यामागे जोडायचा भाग) बिल्डच्या कमांडमधून द्या, उदाहरणार्थ ‘डेव्ह.४५’. मधला टिंब महत्त्वाचा आहे. तो असला की ४५ हा आकडा म्हणून मोजला जातो. ‘डेव्ह४५’ लिहिलंत तर अक्षरांप्रमाणे तुलना होते आणि ‘डेव्ह१०’ हे ‘डेव्ह९’च्या आधीचं ठरतं. सफिक्समध्ये घड्याळाची वेळ घालणारं सूत्र प्रोजेक्ट फाइलमध्ये लिहू नका. रिस्टोर आणि पॅक यांच्या वेळी त्याची किंमत वेगळी येते, आणि डिपेंडन्सीचं (ज्या पॅकेजवर तुमचं पॅकेज अवलंबून आहे त्याचं) व्हर्जन रिस्टोरच्या वेळचं असल्यामुळे मेळ बसत नाही.

आता लहान प्रोजेक्ट. पॅक करताना प्रोजेक्ट रेफरन्सची डीएलएल आत घातली जात नाही, त्याची पॅकेज डिपेंडन्सी म्हणून नोंद होते. म्हणून त्याचंही पॅकेज त्याच फोल्डरमध्ये हवं. मी हाच मार्ग सुचवेन. दोन्हींच्या सामाईक प्रॉपर्टी वरच्या फोल्डरमधल्या ‘डिरेक्टरी डॉट बिल्ड डॉट प्रॉप्स’ फाइलमध्ये ठेवा. रेफरन्सवर ‘प्रायव्हेट अ‍ॅसेट्स’ला ‘ऑल’ दिलं तर डिपेंडन्सीची नोंद निघून जाते, पण डीएलएल तरीही येत नाही. ती आत घालायला वेगळं टार्गेट (बिल्डमधली जादा पायरी) लिहावं लागतं आणि पुढे त्या प्रोजेक्टच्या स्वतःच्या डिपेंडन्सी तुम्हालाच सांभाळाव्या लागतात.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! सफिक्स दिल्यावर माझ्याकडे नवीन कोड आला, आणि लहान प्रोजेक्टचं पॅकेज केल्यावर सहकाऱ्याचं रिस्टोरही झालं. आता डीबग बिल्डलाही पॅकेज बनतंय, ते कसं थांबवू?

उत्तर

‘जनरेट पॅकेज ऑन बिल्ड’ या प्रॉपर्टीला कंडिशन लावा: कॉन्फिगरेशन रिलीज असेल तरच ट्रू. मात्र बिल्ड सर्व्हरवर आधी बिल्ड आणि मग ‘नो बिल्ड’ देऊन पॅक अशा पायऱ्या असतील, तर तिथे ही प्रॉपर्टी बंदच ठेवा; दोन्ही एकत्र आले की एनईटीएसडीके१०८५ एरर येते.