घरशाळेतल्या मुलांचे शिक्षक: तुमचे अनुभव लिहा

होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांचं बरंच काही वाचायला मिळतं. पण आईबाबांना सगळे विषय झेपत नाहीत. मग गणिताला कुणी बाई, विज्ञानाला कुणी सर शोधले जातात, आणि बहुतेक वेळा ते शाळेत उभी हयात घालवलेले शिक्षक असतात. वर्गात साठ मुलं सांभाळलेल्या माणसासमोर एकच मूल बसतं, तेही घंटेची सवय नसलेलं, तेव्हा शिकवण्यात काय बदलतं? ते या धाग्यावर हवं आहे. मुलांची नावं नकोत, विषय आणि गाव पुरे.

गणित, पुणे

मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झाले, आता काही घरांत शिकवायला जाते. मुळशीकडच्या एका कुटुंबाचं घर बांधायचं काम चालू होतं. पाया आखताना गवंडी एका बाजूला तीन फुटांवर, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण करून मधलं तिरकस अंतर पाच फूट भरतंय का ते पाहत होता. दहा वर्षांच्या मुलाने मला विचारलं, "बाई, पाचच का?" पायथागोरस सातवीच्या पुस्तकात येतो. पण प्रश्न आज आला होता, तर उत्तरही आजच द्यायला हवं होतं. चौकटींच्या कागदावर चौरस कापले, चौकटी मोजल्या. ५-१२-१३ हे त्रिकूट त्याने स्वतः शोधून काढली. यज्ञवेदी आखण्यासाठी बौधायनाच्या शुल्बसूत्रात हाच नियम आहे, हे कळल्यावर तर त्याने आजोबांनाही बसवून समजावलं.

याच मुलाला ६१२ भागिले ६ दिल्यावर उत्तर आलं १२. भागाकारातलं मधलं शून्य गाळायची ही चूक मी वर्षानुवर्षं वह्यांमध्ये पाहत आले आहे. अनुभव उपयोगी पडतो तो इथे: मूल कुठे घसरणार ते आधी दिसतं. शाळेत ही चूक वही तपासताना दुसऱ्या दिवशी सापडायची, आणि इथे तो बोलत बोलत भागतो तेव्हा तिथल्या तिथे ऐकू येते. घरशाळेतलं मूल एका अंगाने आठवीचं असतं आणि दुसऱ्या अंगाने तिसरीचं. "कितवीत आहे रे तू?" या नातेवाइकांच्या प्रश्नाला म्हणून उत्तर नसतं. मला ते उत्तर लागतही नाही. मला एवढंच हवं असतं की मधलं शून्य राहिलंय हे वेळेत कळावं.

विज्ञान, नाशिक

सगळ्यात मोठी अडचण प्रयोगशाळेची. हळद, जास्वंद, लाल कोबी यांनी आम्ल-आम्लारी ओळखण्यापर्यंत स्वयंपाकघर पुरतं. द्रव मोजायच्या ब्युरेट-पिपेट या नळ्या मात्र हाताळायलाच हव्यात. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेत प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपरचा पर्याय असतो आणि शाळेविना बसणारे खासगी विद्यार्थी सहसा तोच घेतात. त्या पेपरात उपकरणाचं वाचन, चुकीची शक्यता असले प्रश्न येतात. उपकरण हातात न घेतलेलं मूल हे पाठ करून लिहितं आणि मला ते बघवत नाही. म्हणून ओळखीच्या कॉलेजला विनंती करून सुट्टीत प्रयोगशाळा मिळवतो आणि चार घरांतली मुलं एकत्र नेतो. अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली वैज्ञानिक खेळणी धाकट्यांसाठी आजही सर्वांत उत्तम.

पण शाळेत कधी जमलं नसतं असंही काही इथे होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला शून्य सावलीचा दिवस येतो. तिथल्या घरशाळेतल्या एका मुलीने भर दुपारी काठी उभी केली, सावली नाहीशी. त्याच वेळी नाशिकला आमच्या एक मीटरच्या काठीची सावली जेमतेम सहा सेंटिमीटर. दोघं फोनवर. कोन निघाला ३.३ अंशांच्या आसपास, दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३६५ किलोमीटर. त्रैराशिक मांडलं तर पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतो. कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत म्हणून हे नीट जुळतं, हेही मुलांनीच नकाशा काढून शोधलं. दोन दिवस दुसरं काही शिकवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मराठी, सातारा (ऑनलाइन)

माझी विद्यार्थिनी अमेरिकेत टेक्सासमध्ये आहे. तिथे होमस्कूलिंगला कायद्याने भरपूर मोकळीक आहे. बाकी विषय तिकडेच होतात, मराठी माझ्याकडे. बोलायची छान, वाचताना अडायची. फलटणची आजी तिला फोनवर गोष्टी सांगते. त्या ऐकून ती लिहून काढते, आजीच्याच बोलीत, 'व्हतं' नि 'न्हाई' सकट. पहिल्या खर्ड्यात मी त्याला हात लावत नाही. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या वाचनात बघू. 'किशोर' मासिकाचे जुने अंक नेटवर मिळतात, ते आमचं पाठ्यपुस्तक.

इतिहास, जुन्नर

शाळेची सहल म्हणजे बस, शिट्टी, मोजदाद. आता दोन-तीन कुटुंबांबरोबर नाणेघाटात सकाळपासून बसता येतं. सातवाहनांच्या लेण्यातला तो ब्राह्मी लेख, त्यात यज्ञाच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले. मुलांनी आधी घरी ब्राह्मी अंक गिरवले होते. भिंतीवर त्यातले दोन-तीन ओळखता आले तेव्हा झालेला आरडाओरडा मी कुठल्या वर्गात ऐकला नाही. बाहेरचा दगडी रांजण जकातीसाठी होता असं सांगतात. त्यावरून कल्याणचं बंदर, घाटमार्ग, जकात म्हणजे काय, इथपर्यंत गप्पा जातात. वरच्या गणिताच्या बाईंना सांगावंसं वाटतं, त्या अंकांमध्ये शून्य नाही. तुमच्या मुलाला जरूर घेऊन या.

इंग्रजी आणि दहावीची तयारी, ठाणे

माझ्याकडे मुलं चौदाव्या वर्षाच्या आसपास येतात, कारण एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या) दहावीला किमान वय १४ आहे. आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी अडत नाही, आपण पुरेसं शिकलो आहोत असं स्वतःच लिहून दिलं की चालतं. किमान पाच विषय, पाच वर्षांची मुदत आणि नऊ संधी. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकेक, दोन-दोन विषय देत पुढे जाता येतं आणि मी पालकांना तेच सुचवते.

या मुलांना विषय येतो, तीन तास लिहिता येत नाही. आयुष्यात कधी घड्याळ लावून लिहिलेलं नसतं. प्रश्न पाच गुणांचा असो की दोन, आवडला की दोन पानं. मला ते लिखाण मनापासून आवडतं आणि तेच मला आवरावं लागतं. आधी अर्धा तास, मग तास, असं महिनोन्महिने वाढवत नेते. दुसरी गोष्ट टीएमएची, म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांची. त्याला वीस टक्के गुण आहेत आणि पालक ते हमखास शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. कृपा करून ढकलू नका.

एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅम, मला माहीत असलेलं सगळं लिहायचं नसेल, तर मग विचारतात कशाला?" तिला परीक्षेची बाजू समजावून सांगितली, आणि परीक्षा झाल्यावर तिच्याकडून तेच उत्तर तिला हवं तसं पुन्हा लिहून घेतलं.

भूगोल, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)

वरचं सगळं वाचून आनंद झाला, पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. घरी कुणीतरी पूर्ण वेळ आणि शिक्षकांच्या फीला पैसे, हे ज्यांना जमतं त्यांचीच ही गोष्ट आहे. माझी शिकवणी एका सोसायटीत असायची. तिथल्या वॉचमनचा मुलगा महापालिकेच्या शाळेत. पालकांशी बोलून त्यालाही आमच्यात बसवलं, फी न घेता. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, शिकवायला कणकेचा डोंगर करून दोऱ्याने कापला, तेव्हा नकाशावर उतार कुठे तीव्र ते त्याने सगळ्यांच्या आधी दाखवलं. घरशाळेतल्या मुलांना बरोबरीने वाद घालणारं कुणीतरी हवंच असतं. तुम्ही जिथे शिकवता तिथे एक जागा अशी ठेवता येईल का, पालकांना विचारून पाहा. माझ्या वेळी कुणीही नाही म्हणालं नाही.