मदत हवी आहे: उभं राहून बाईक चालवताना हात आखडतात, उतारावर पुढचं चाक सटकतं

भांडुपकर
नमस्कार. रविवारी ग्रुपबरोबर कर्जतच्या पुढे ऑफरोडला जायचंय. रस्त्यावर मी व्यवस्थित चालवतो, घाटही केलेत, पण मातीत नवीन आहे. मागच्या आठवड्यात सरावाला गेलो तर उभं राहिलं की थोड्याच वेळात कोपरापासून मनगटापर्यंत हात आखडतो, क्लच दाबवत नाही आणि गाडी बंद पडते. उतारावर ब्रेक लावला की पुढचं चाक बाजूला सटकतं. व्हिडिओ सगळे बघून झाले, त्यात नुसतं "रिलॅक्स राहा" म्हणतात. कसं राहायचं ते कुणीतरी नीट सांगा. गाडी स्टॉक आहे, कंपनीतून आली तशीच. कृपया लवकर, मध्ये फक्त शनिवार आहे.

जुना_गॅरेजवाला
गाडी कुठली? टायरमध्ये हवा किती? उंची किती तुमची? "स्टॉक आहे" यावरून काहीच कळत नाही.

चिखलवेडा
गाडी कुठलीही असू दे, आधी नॉबी (मोठ्या उंचवट्यांचे, मातीचे) टायर टाका. कंपनीचे टायर चिखलात दोन मिनिटांत भरतात आणि गुळगुळीत होतात. मी टायर बदलले त्या दिवशी मला दुसऱ्याच गाडीवर बसल्यासारखं वाटलं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर चौकशी करा.

भांडुपकर
हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही. टायर कंपनीचेच. उंची पाच फूट अकरा इंच. हवा पंपावर भरतो तशी, पुढे-मागे ३२. पण माझा प्रश्न हाताचा आहे, हवेचा काय संबंध?

जुना_गॅरेजवाला
संबंध आहे. ३२ वर टायर दगडासारखा कडक राहतो. प्रत्येक खड्डा टायरने गिळायच्या ऐवजी हँडलमधून हातात येतो, आणि चाक उसळलं की तुम्ही हँडल आणखी घट्ट धरता. शिवाय कडक टायर जमिनीला कमी टेकतो, म्हणून उतारावर पकड सुटते. तुमच्या दोन्ही तक्रारींचं अर्धं मूळ तिथेच आहे. मातीत शिरण्याआधी २० ते २२ पीएसआयवर आणा. त्याखाली जाऊ नका. या गाडीला ट्यूब आहे, हवा फार कमी केली की दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि पंक्चर होते. परत डांबरीवर येताना हवा भरायची, म्हणून छोटा फूटपंप आणि गेज बरोबर हवाच.

चिखलवेडा
२२ कशाला, मी तर १५ वर चालवतो. काही होत नाही.

जुना_गॅरेजवाला
तुमच्या रिमला रिमलॉक असेल. नसेल तर टायर रिमवर सरकतो आणि वॉल्व्ह उपटला जातो. नवशिक्याला १५ सांगू नका.

अनघा_बदलापूर
भांडुपकर, मी तुमच्यापेक्षा बरीच बुटकी आहे आणि तीच गाडी चालवते, म्हणून लिहिते. हात आखडतो कारण तुम्ही हातांवर लटकता. मातीत गाडी गुडघ्यांनी धरायची असते, हातांनी फक्त दिशा द्यायची. उभे राहिलात की टाकी दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबून बघा आणि हँडलवरचे हात क्षणभर पूर्ण सैल करा. पडलात नाही तर तुमचं वजन पायांवर आहे. पुढे झुकून कोसळायला लागलात तर वजन हातांवर होतं. हे आधी घराखाली, गाडी सरळ उभी करून, कुणाला तरी धरायला सांगून करा. गाडी जागच्या जागी असताना जे जमत नाही ते चालत्या गाडीवर जमणार नाही.

पायाचा चवडा फुटपेगवर, टाच किंचित खाली, कोपरं बाहेर. क्लचवर एक किंवा दोनच बोटं, बाकीची हँडलवर. सगळी बोटं क्लचवर गेली की हँडल धरायला अंगठाच उरतो.

एक विचारायचं राहिलं: उभं राहिल्यावर उजवा पाय पेगवरून न उचलता मागचा ब्रेक दाबता येतो का?

भांडुपकर
नाही. पाय उचलून पुढे टाकावा लागतो. म्हणून मी उतारावर पुढचाच ब्रेक लावतो. आणि क्लचपर्यंत पोचायला मनगट वर वाकवावं लागतं.

अनघा_बदलापूर
मग हेच ते! पेडल आणि लिव्हर दोन्ही बसून चालवण्याच्या मापाने लावलेले आहेत. तुम्ही पाच अकरा आहात, उभं राहिल्यावर तुमचा हात वरून खाली येतो. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे बोल्ट सैल करून दोन्ही लिव्हर थोडे खाली फिरवा. उभे राहून बोटं सरळ लिव्हरवर ठेवलीत तर मनगट आणि कोपर एका रेषेत यायला हवं. मागच्या ब्रेकचं पेडल पायाला लागेल इतकं वर घ्या, गियरचा लिव्हर एखादा दाता वर. पण ब्रेकला खेळ ठेवा, म्हणजे ब्रेक लागण्याआधी पेडल थोडं मोकळं हलायला हवं. अजिबात खेळ नसेल तर मागचा ब्रेक घासत राहतो आणि तापतो. एवढं कुठलाही मेकॅनिक पटकन करून देईल.

दादर_ते_डाकार
हॅरिथ नोआ याने २०२४ च्या डाकारमध्ये (लांब पल्ल्याची ऑफरोड रॅली) मोटरसायकलींचा रॅली २ वर्ग जिंकला, एकूण क्रमवारीत ११ वा आला. केरळचा मुलगा. त्याआधी सी. एस. संतोष २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय. या दोघांपैकी कुणाचाही रॅलीचा व्हिडिओ हळू करून बघा: हात किती मोकळे असतात आणि पाय किती काम करतात ते. भांडुपकर, तुम्हीही जमवाल.

चिखलवेडा
उतारावर पुढच्या ब्रेकला हातच लावू नका. सरळ नियम. फक्त मागचा.

जुना_गॅरेजवाला
हे चूक आहे आणि असं सांगून लोक खड्ड्यात जातात. मागच्या चाकावर उतारावर वजनच नसतं, ते लगेच लॉक होऊन मागून घसरत येतं. थांबवण्याचं मोठं काम मातीतही पुढचाच ब्रेक करतो. अट एवढीच: हँडल सरळ असताना, एका बोटाने, हळूहळू दाबत न्यायचा. हँडल वळलेलं असताना पुढचा दाबला की चाक सटकतं. भांडुपकर, तुमचं चाक वळणावर सटकलं की सरळ उतारावर?

भांडुपकर
वळणावर. ओढ्याकडे जाणारा उतार होता, खाली डावीकडे वळतो. मग मी वरपासून ब्रेकच लावायचा नाही का? वेग कसा राखायचा?

अनघा_बदलापूर
उताराच्या तोंडाशी पहिला गियर टाका, क्लच पूर्ण सोडा. इंजिनच गाडी धरून ठेवेल. क्लच दाबलात की ती धाव घेते, म्हणून उतारावर क्लचवरची बोटं उचला. कंबर मागे, गुडघे टाकीला, नजर जिथे पोचायचंय तिथे. पुढच्या चाकाकडे बघत राहिलात तर गाडीही तुम्ही बघताय त्याच दगडावर जाते. वेग कमी करायचा तो सरळ भागात. वळण येईपर्यंत ब्रेक सुटलेला असायला हवा.

दहिसरचा_दिन्या
एबीएस बंद केलं का? मातीत एबीएस असेल तर मागचं चाक लॉक होत नाही आणि उतारावर गाडी थांबतच नाही. मी आधी तेच बंद करतो.

जुना_गॅरेजवाला
दिन्या, या गाडीला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. मागे नाहीच. २०२३ च्या मॉडेलपासून रोड, ऑफरोड आणि रॅली असे तीन मोड आले. रॅलीत ते पूर्ण बंद होतं. नवशिक्याने ऑफरोड मोडवर ठेवावं, पुढचं चाक लॉक होण्यापासून थोडा आधार राहतो. भांडुपकरांची जुनी असेल तर मोड नसतील.

दहिसरचा_दिन्या
ओके, माझी दुसऱ्या कंपनीची आहे, माझ्या गाडीला दोन्ही चाकांना आहे. म्हणून म्हटलं.

मुरबाडचा_शेतकरी
धागा मुंबईच्या गाडीवाल्यांचा दिसतोय, तरी लिहितो. तुम्ही "कर्जतच्या पुढे" म्हणता, म्हणजे नक्की कुठे? जुलैमध्ये आमच्याकडे भाताची लावणी चालू असते. खाचरात पाणी टिकतं ते बांधाच्या जोरावर. गाड्यांची चाकं ओल्या बांधावरून गेली की बांध बसतो, पाणी खालच्या खाचरात वाहून जातं आणि रोपं उघडी पडतात. दुरुस्त करायला पुन्हा माती ओढून थोपटायला लागते, ऐन कामाच्या दिवसांत. तुम्हाला ती मोकळी हिरवळ दिसते, ती कुणाची तरी लावणी असते. ग्रुपने जागा कुणाची ते विचारलंय का? मालकाची परवानगी आहे का?

चिखलवेडा
दादा, आम्ही शेतात जात नाही, पायवाटेनेच जातो.

मुरबाडचा_शेतकरी
पायवाटच बांधावरून जाते.

भांडुपकर
काका, खरंच विचारलेलं नव्हतं, आता ग्रुपमध्ये विचारतो. माझा स्वतःचा बेत तरी शेतातून जायचा नाही. कुणाकडे मोकळ्या जागेचा पत्ता असेल तर सांगा.

कोकणवारी
मुरुड-जंजिऱ्याला या! किनाऱ्यावर वाळूत शिकायला सगळ्यात छान, पडलात तरी लागत नाही.

अनघा_बदलापूर
कृपया असा सल्ला देऊ नका. किनाऱ्यावर वाहन नेणं बऱ्याच ठिकाणी मना आहे, भरतीत गाड्या अडकतात, खारं पाणी साखळी आणि बेअरिंग खातं. शिवाय वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालतात. आणि शिकण्यासाठी वाळू सगळ्यात अवघड. पुढचं चाक रुतत असतं आणि सावकाश चालवून चालत नाही, वेग लागतो.

भांडुपकर, जंगलातही शिरू नका. राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर, कर्नाळा ही संरक्षित क्षेत्रं आहेत, तिथे दंडच नाही तर गुन्हा दाखल होऊ शकतो. माथेरानला तर मोटार वाहनांना बंदीच आहे.

जागा विचारलीत म्हणून: चिखल नको, मुरमाचं मैदान शोधा. मुरूम पावसात लवकर निथळतो, खाली पकड राहते. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींच्या कडेला मात्र जाऊ नका, काठ खचतो आणि पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही.

बोरिवलीची_आई
माझा मुलगा पण हट्ट करतोय. बूट कुठले घेऊ? हेल्मेट आहे. गुडघ्याला काय लावायचं? तो साध्या स्पोर्ट्स शूजवर जातो म्हणतो.

जुना_गॅरेजवाला
ताई, घोटा झाकणारा जाड बूट हवाच. मातीत गाडी पडते ती हळूच पडते, पण पायावर पडते. तिचं वजन दीडशे किलोच्या वर आहे आणि इंजिन, सायलेन्सर तापलेले असतात. गुडघ्याला आणि कोपराला गार्ड, छातीला आर्मर, हातमोजे. स्पोर्ट्स शूजवर पाठवू नका. बजेट कमी असेल तर आधी बूट घ्या, टायर नंतर.

चिखलवेडा
टायर आधी!

जुना_गॅरेजवाला
घोटा तुटल्यावर टायरचं काय करणार?

भांडुपकर
सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी मेकॅनिककडे जाऊन दोन्ही लिव्हर खाली केले, पेडल वर घेतलं. उभं राहिल्यावर मनगट सरळ राहतंय. हवा २२ वर करून घेतो. बूट मित्राचे मिळाले, मापाचे आहेत. अजून एकच प्रश्न. ग्रुपमध्ये म्हणतात, वाटेत दोन ओढे आहेत. एक गुडघाभर आहे. मी जाऊ का?

अनघा_बदलापूर
पहिल्या वेळेला नाही. पावसात ओढ्याच्या तळातले दगड शेवाळाने बुळबुळीत असतात, आणि डोंगरात वर पाऊस पडला तर खाली आकाश कोरडं असतानाही पाणी एकदम वाढतं. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. जायचंच असेल तर आधी पायी ओलांडा. पाणी गुडघ्याच्या वर किंवा ओढ जोराची असेल तर परत फिरायचं, ग्रुप काय म्हणतो याला अर्थ नाही. ओलांडताना पहिला गियर, एकसारखी रेस, मध्ये थांबायचं नाही आणि क्लच दाबायचा नाही.

जुना_गॅरेजवाला
आणि पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. आधी ढकलून बाहेर. एअर फिल्टर ओला आहे का बघा. इंजिनात पाणी गेल्याचा संशय असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं. पाणी दाबलं जात नाही, त्यावर सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खर्च तुमच्या अंदाजापलीकडे.

विम्याचाही विचार करून जा. मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ग्रुपने "टाइम लावून बघू" म्हटलं तर बाजूला व्हा.

दादर_ते_डाकार
आणि पडलात तर उचलायची रीत शिकून जा. आधी इंजिन बंद, गाडी गियरमध्ये ठेवा म्हणजे घरंगळणार नाही, हँडल पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटला टेका आणि पायांनी उचला. कंबर वाकवून ओढली तर पाठ जाते.

भांडुपकर
ग्रुपला विचारलं. जागा गावच्या पाटलांच्या मुरमाच्या रानात आहे, परवानगी घेतली आहे, शेतं त्याच्या पलीकडे आहेत. ओढे सोडून देतोय, मी वरच्या मैदानातच उभं राहून पहिल्या गियरवर आठचे आकडे काढत राहीन. शनिवारी कुणी बदलापूर-कर्जतच्या बाजूला सरावाला आहे का? एकटा जायला नको वाटतंय.

अनघा_बदलापूर
मी शनिवारी सकाळी मोकळी आहे. सात वाजता, बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला. टाकी फार भरू नका, गाडी जड होते. प्यायचं पाणी भरपूर आणा.

मुरबाडचा_शेतकरी
पाऊस सांगितलाय शनिवारी. निघण्यापूर्वी वरच्या बाजूला फोन करून विचारा.