आजी फक्त घरची नव्हती : तुमच्या आठवणी लिहा

माझी आजी गेली तेव्हा दहाव्याला नातेवाईक कमी आणि अनोळखी माणसंच जास्त. प्रत्येकाकडे तिचा एकेक किस्सा, आणि आम्हा नातवंडांना त्यातला निम्माही ठाऊक नाही. तुमच्याकडेही अशी आजी असेल तर लिहा. 'फार प्रेमळ होती' एवढ्यावर सोडू नका. ती काय करायची, कुणासाठी, पैसे कुठून आणायची, ते येऊ द्या. सुरुवात मी करतो.

आजीची लालबागच्या चाळीत खाणावळ होती. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेले गडी एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, बायकापोरं गावाला. जेवण आमच्याकडे, पैसे पगार झाला की. वाणी तोवर थांबत नसे, म्हणून आजीच्या पाटल्या महिनाअखेरीला गहाण पडायच्या आणि पगाराला सुटायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकेचं कर्ज मिळणार म्हटल्यावर अंगठा नको, सही करायची, म्हणून आजीने आत्याकडून नाव गिरवून घेतलं. मजल्यावरच्या बायकांनाही तीच मंडळात घेऊन गेली. एखादीने हप्ता थकवला की संध्याकाळी आजी तिच्या दारात.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मिटेल महिन्या-दोन महिन्यांत, असं सगळेच म्हणत होते. आजीने कुणाचं ताट बंद केलं नाही, ताटातलं कमी केलं. आधी मच्छी गेली, मग डाळ पातळ झाली. वहीत मांडणं मात्र चालूच, कारण फुकट म्हटलं तर गडी जेवायलाच येणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कितीतरी जण गावी गेले ते परतलेच नाहीत. काहींच्या नंतर मनीऑर्डरी आल्या. त्या नावांपुढे पेन्सिलीने 'मिळाले' लिहिलंय. बाकीच्या नावांपुढे काही नाही, पण खोडलेलंही नाही.

परळहून

माझे वडील अशाच एका खाणावळीत जेवायचे. खाडा आदल्या दिवशी सांगितला तरच पैसे वजा, नाहीतर नाही. तापाने पडलं की मात्र मावशी खोलीवर पेज पाठवायच्या आणि तिचे पैसे कधी लावायच्या नाहीत.

बीड

बहात्तरच्या दुष्काळात आजी नालाबंडिंगच्या, म्हणजे ओढ्यानाल्यांना बांध घालायच्या कामावर होती. घरात लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी, कामावर पोरांना सुकडी. मुकादम बायकांची हजेरी गाळायचा. आजीला अक्षर येत नव्हतं, पण कोण किती दिवस आली ते तोंडपाठ. पगारवाटपाला ती मुकादमाशेजारी बसायची आणि नाव पुकारलं की दिवस सांगायची. पुढे तो आधी तिलाच विचारायला लागला.

पाटण

आमची आजी सुईण. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सगळं गाव शिवारात येऊन बसलेलं, आणि त्यातच एक बाई अडली. धोतरांचा आडोसा करून आजीने तिला मोकळं केलं. तो बाप्या आता साठीला टेकलाय. आजी होती तोवर दर दिवाळीला लुगडं घेऊन यायचा; ते पुढच्या गरीब बाळंतिणीकडे जायचं. मुलगा झाला की सुईणीला जास्त, मुलगी झाली की कमी, अशी रीत होती. आजी म्हणायची, "मला दोन्हीला तेवढंच राबावं लागतं, तेवढंच द्या."

यवत

सगळे गोड लिहितायत, म्हणून जरा वेगळं लिहिते. तुकोबांची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते, आणि त्या दिवशी गावात घरोघरी पिठलं-भाकरी. आमच्या घरच्या पंगतीला आजीचं फार नाव. होतीही ती तशी. कुणाचं लग्न अडलं, कुणाच्या पोराची फी राहिली, आजी उभी. पण येईल त्याला "बसा जेवायला" म्हणणारी ती, आणि पहाटेपासून चुलीपुढे माझी आई नि काकू. त्यांचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आजीवर माझा जीव होता, तरी हे लिहायलाच हवं.

ती गेल्यावरच्या पालखीला आईने सांगून टाकलं, यंदा भाकऱ्या बाप्येही थापतील. काकांच्या भाकरी कडेला फाटल्या, मधे कच्च्या राहिल्या. वारकऱ्यांनी मुकाट खाल्ल्या. आजी असती तर काकांना दुसऱ्यांदा थापायला लावल्या असत्या.